हिरव्या रंगाचा दुसरा हात

भूकंपात बसलेल्या मोजे-कारखान्याच्या जागी
नगरपालिकेला काहीतरी उभं करायचं होतं.
घोडा नको, घोडे झालेत. लेकुरवाळी आई नको,
आयाही झाल्यात, दगडाच्या, दगडाची पोरं कडेवर.

मग येरेवानहून झावेन आला, पायात केशरी बूट,
आणि त्याने कागदावर काढला
सिनेमाघराच्या दारावर उजळतो तो माणूस,
हिरवा, बिनबोटांचा, कायम घाईत.
पाटीवर तो कडेने पळतो.
झावेनने त्याला समोर वळवला, रस्त्याकडे.
बारा मिलिमीटरचा पत्रा, भोवती दाराची चौकट.
कापला मी. ग्युम्रीत एवढा जाड पत्रा नीट कापणारे
दोघेच, आणि दुसऱ्याची त्या आठवड्यात दाढ दुखत होती.

उद्घाटनाला महापौर म्हणाले, आशा.
झावेन म्हणाला, साऱ्या जगाची भाषा.
पोरांनी गुडघ्याला लोंबकळून पाहिलं. टिकतो.

आर्पेनिक समोरच सूर्यफुलाच्या बिया विकते,
पेला भरून, वर एक चिमूट.
तिसऱ्या दिवशी तिने हाक मारली,
"हा आत का चाललाय?"

"आत नाही, मावशी. बाहेर पडायची खूण आहे ती."
"चेहरा कुठाय?"
"खुणेला चेहरा नसतो."
"मग ही पाठ नाही कशावरून?"

मी पाहिलं. कड माझ्याच हातची.
नाक नाही, टाच नाही, चवडा नाही.
उचललेला गुडघा येणाऱ्याचा,
म्हटलं तर जाणाऱ्याचा.

ती बिया पाखडत होती.
"मिसाक बाहेर आला होता," म्हणाली,
"इथे, या नळापाशी. डिसेंबर, आणि अंगात नुसती बंडी.
डोकी मोजली त्याने.
नऊ नंबरच्या मशीनवरची पोरगी नव्हती."

पुढे काही बोलली नाही.
पेला माझ्या खिशात ओतला. पैसे घेतले मोजून.

दुसऱ्या दिवशी रंगाचा दुसरा हात द्यायचा होता.
झावेनची चिठ्ठी होती, मागची बाजू राहू दे,
तिकडून कोण बघतंय.
तिकडे खरंच कोणी नसतं. गुडघाभर गवत,
एक फुटका पाइप, कुणाची तरी शेळी.

डबा घेऊन मी गवतात गेलो.
मशीन नेमकं कुठे होतं, कोण सांगणार,
अंदाजाने पावलं टाकली, थांबलो, मागे वळलो.

चौकटीत तो होता, गुडघा उचललेला,
सरळ माझ्याकडे येत.