एकाच नेत्रिकेचे पैसे

उद्यमनगरात इस्माईल शिकलगारनं
फोकसरची नळी कातून दिली,
पितळेच्या काठावर अंगठा फिरवला, म्हणाला,
"केसभर जास्त गेलंय. चालतंय का बघ."
चाललं. आठ इंची आरसा, बाराशे मिलिमीटरचा फोकस,
आणि खिशात पैसे एकाच नेत्रिकेचे.

सहाची घेतली तर बाराशे भागिले सहा, दोनशे पट.
तीसची घेतली तर चाळीस.
स्टीलच्या बिलामागं हा भागाकार
महिनाभर करत होतो, जणू उत्तर बदलेल.

सहाचीच घेतली. शनीसाठी.

सादळे-मादळेच्या माळावर, दिवाळी उलटल्यावर,
खाली गुऱ्हाळं पेटलेली, गोडसर धूर
उसाच्या फडांवर आडवा पडलेला.
शनी सापडला,
उकळत्या काहिलीच्या तळाशी पडल्यासारखा.
कडं लवायचं, सरळ व्हायचं, परत लवायचं.
मग एकदाच हवा थांबली
आणि कडं नि गोळा यांच्यातली काळी फट
ब्लेडनं कापल्यागत.
तसा दुसरा क्षण यायला अकरा मिनिटं लागली.
मी मोजली.

शालनवहिनींना पुढं केलं. त्या फाउंड्रीत कोअर बनवतात,
चष्मा जाड, त्यात सिलिंडरचा नंबर.
सहाच्या भिंगाला डोळा इतका जवळ लागतो
की पापणी घासते.
चष्म्याची काच टक्कन आपटली.
काढून पाहिलं, तर शनीचा नुसता फराटा.
"हाय की, दिसतंय," त्या म्हणाल्या,
माझ्यासाठी.

पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या.
सहातून त्यांतली एकच, निळी, एकटी,
दुर्बीण ढकलेपर्यंत तीही काठाबाहेर.
"बाकीच्या कुठं गेल्या वो?"
काय सांगणार.

पन्नाशी ओलांडली की अंधारातसुद्धा बाहुली
पाच मिलिमीटरपुढं फारशी उघडत नाही म्हणतात.
आणि या आरशावर तीसच्या नेत्रिकेतून
उजेडाची जी वात बाहेर पडते
तीही पाचाचीच.
हे मला ठाऊक होतं. बिलामागं लिहिलंही होतं,
कोपऱ्यात, बारीक.

परतताना गाडीवर मागून वहिनींनी किंमत विचारली,
तीसवालीची. मी सांगितली.
केर्लीच्या फाट्यापर्यंत गप्प.
मग म्हणाल्या, "या म्हैन्याची भिशी माझी हाय.
घ्या. पण आधी मी बघणार.
आन् चष्मा घालून."