तणीस

मंडईची रात्र. धान कापलेल्या बांधीत
मंडप, पडद्यावर रंगवलेला दरिया, खाली धसकटं.
दिवसभर भोंगा गावभर फिरला होता:
‘दहा वर्षांचा वेढा’, अर्थात ‘पाहुण्यानं पळवली राणी’!
पत्रकावर सतरा नावं. माझं नाही.

मी सैनिक तिसरा.
पहिल्या अंकात पडतो, एका ‘हाय’वर.
मग लाकडी घोड्याचे मागचे पाय.
आणि मधे, मेलेला राजपुत्र विंगेत चहा प्यायला गेला की
त्याचं प्रेत.
नागपूरचा हिरो मेल्यावर झोपत नाही,
मेकअप बिघडतो म्हणतो.

म्हातारा राजा शत्रूच्या तंबूत जातो,
पोराची माती मागतो.
त्याचे हात थरथरतात, बाया पदर डोळ्याला लावतात.
बंडी हाकणाऱ्याला एकही वाक्य नाही.
वहीत एवढंच: नोकर बंडी घेऊन येतो.

त्या रात्री बैल डोमाजी नैतामचे.
फळ्यांना बिचकले,
आमच्या गड्याला शिंगं दाखवली.
मग डोमाजीच आला कासरा धरून,
गळ्यात मफलर, पायात टायरच्या चपला,
थेट ग्रीस देशात.

भाषण संपलं. पेटीवाला सूर धरून बसलेला.
चौघांनी मला उचललं.
“थांबा गा.”
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.
प्रॉम्प्टर पानं उलटत राहिला.
डोमाजी धुऱ्याकडे उतरला,
कवेत मावेल तेवढी तणीस आणली,
बंडीत पसरली, डोक्याकडं जरा जाड.
“मान हालते,” म्हणाला. “जंगलातला रस्ता हाये.
अठरा कोस. लय हालते.”

पुढच्या म्हाताऱ्या रडत होत्या,
त्यांनी रडणं थांबवलं.

त्याचा हात माझ्या मानेखाली गेला,
भेगाळलेला, सरावाचा.
रोज मी हसू दाबायला जीभ चावतो.
त्या रात्री श्वास धरून ठेवला.
चादरीच्या फटीतून दिसलं:
तो बैल हाकत नव्हता,
त्यांच्या पुढं नुसता चालत होता, हळू.

पहाटे नगर जळालं. घोडा सुटा करून टेम्पोत टाकला.
मालकानं पाचशे काढले.
डोमाजीनं बैलांचं भाडं तेवढं मोजून घेतलं,
दीडशे परत केले.
“मी काम नाही केलो,” म्हणाला.

कुरखेड्याच्या वाटेवर
बेगडी चिलखतातून मी काड्या वेचत होतो.
कोणाला आणलं होतं त्यानं,
कोणी विचारलं नाही, मीही नाही.
एक काडी मानेत रुतली होती.
राहू दिली.