मु. पो. फार

आडनाव फार्कर. बोटीच्या कागदावर तसंच होतं,
शेजारी शाईचा एक डाग.
वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर ते उतरलं
आणि दोन मिनिटांत आमचं झालं.
शिरोडकर, आरोलकर, उभादांडेकर, तसा हा फारकर.
"फार खंय आसा रे?" कोणी विचारलं.
तांडेल म्हणाला, "फार? फार लांब."
सगळे हसले. तोही हसला, न कळता.

आगबोटीवरचा फिटर. तापाने फणफणलेला,
म्हणून आठ दिवसांसाठी उतरवलेला.
आठ दिवसांनी बोट आली, दोनदा भोंगा दिला.
हा तेव्हा जिवाजी आरोलकराच्या विहिरीवर
रहाटाचा आस बसवत होता,
कोपरापर्यंत वंगण.
म्हणाला, पुढच्या बोटीने जातो.
पुढची बोट एकतीस वर्षं येत राहिली.

खाडीकाठी, उंडलाच्या झाडाखाली भट्टी.
माझा पणजा सगुण मेस्त्री भाता ओढायचा,
त्याच्याकडूनच डंकन मालवणी शिकला:
आधी शिव्या, मग मासे, मग आकडे.
इथला खारा वारा लोखंड खातो,
बिजागऱ्या, नांगर, गाडीच्या धावा, सगळं.
तो म्हणे, वारा खातो म्हणून मी खातो.
फारकराच्या आडाळ्याक नारळ भियेता,
असं बायका म्हणत, अजूनही एखादी म्हणते,
फारकर कोण ते तिला ठाऊक नसतं.

नाचण्याची आंबील प्यायचा, मीठ घालून,
गूळ पुढे केला तर रागवायचा.
ओली सोडणं पेटवली आणि धूर जमिनीलगत पसरला
की हातोडा खाली ठेवायचा.
पणजा विचारी, काय झाला?
तो एका शब्दात सांगे, त्याच्या भाषेत.
पणज्याने तो शब्द मुलाला सांगितला,
मुलाने माझ्या बापाला,
आणि बापाच्या दातांतून तो कधीतरी सांडला.

देवळातल्या घंटेची जीभ त्यानेच घडवली.
कुंपणाबाहेर उभं राहून पहिला टोल ऐकला,
मान हलवली, परत नेली, तीन ठोके दिले,
मग म्हणाला, आता बोलता.

गेला तो आश्विनात.
पाद्री म्हणाला, आमच्यातलो न्हय.
ज्यांच्यातला होता ते सगळे समुद्रापलीकडे.
शेवटी दीपस्तंभाच्या उतारावर, काजूंखाली जागा मिळाली.
तिरडीला बांबू होते, पण पणज्याने दुकानाचं दार उचकटलं.
त्यावर खडूने लिहिलेली गावाची उधारी,
पुसायला कोणाला सुचलं नाही.
खांदा देणाऱ्यांपैकी दोघांना
त्याच्या कोपराजवळ आपलं नाव दिसलं.
ते पुढे काही बोलले नाहीत, दार मात्र त्याच्यासोबतच पुरलं.

पाथरवटाला नावाखाली गाव हवं होतं,
गावाशिवाय दगड उघडा दिसतो म्हणे.
पणज्याने सांगितलं, त्याने कोरलं:
डंकन फारकर, मु. पो. फार.

मी आता ट्रॉलरचे पंखे जोडतो, ग्रिल करतो.
त्याचा हातोडा आहे माझ्याकडे.
दांडा चौथा, डोकं त्याचंच.
तो डावखुरा, त्यामुळे तोंड एका बाजूने झिजलंय.
कितीही नेम धरला तरी
माझा घाव जरा तिरका पडतो.
गिऱ्हाईक तक्रार करतं.
मी म्हणतो, होय, माहीत आहे.
आणि दुसरा हातोडा घेत नाही.