अर्धं तिकीट

सावळजला, माहेरी, फेब्रुवारी सरता सरता
मला मुलगी झाली.
त्याच आठवड्यात बेदाण्याच्या शेडवर
पहिली द्राक्षं चढली.
दादांनी जिलेबी वाटली,
शेडवरच्या बायकांना आधी.

आक्का बाजेखाली शेगडी ठेवते,
ओवा, बाळंतशेपा, अळिवाची खीर.
मी खाते.
खाते म्हणजे वाटी रिकामी होते.

हिला पाजते. पाठ थोपटते. ढेकर काढते.
सगळं बरोबर येतं मला,
दुसरीच्या घरची धुणीभांडी करावीत तसं,
नीट,
आणि घड्याळाकडे बघत.

बघायला येणाऱ्या म्हणतात,
नाक बापाचं, कपाळ आमच्या घरचं.
मी वाट बघते, कुणीतरी विचारेल
हिची आई कुठाय.

रात्री ही झोपते. मी नाही.
शेडवर जाळ्यांच्या थरांत मणी सुरकुततात,
पंधरा दिवसांत पाणी जातं, साल राहते.
दादा म्हणतात, तेव्हाच गोडी भरते.
पाणी तर गेलं, दादा.
गोडीचं तुम्ही बघा.

हे मी बोलले नाही.
नवरा चाकणला. व्हिडिओ कॉलवर
मोबाईल असा धरते की फक्त बाळ दिसावं,
माझा हातसुद्धा येऊ नये.

आक्का म्हणाली, दिष्ट लागली.
मीठ-मोहऱ्या उतरवल्या, मिरच्या जाळल्या.
ठसका सगळ्यांना लागला, मला नाही.
काकी म्हणाली, "ज्यास्नी मूल हुईना त्यास्नी विचार जा."
मी कुणालाच विचारलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मुलाणीताई आल्या,
आशाचं रजिस्टर, खांद्याला वजनकाटा.
तीन किलो सहाशे. बेंबी सुकली. दूध पुरतंय.
पेनाला टोपण लावलं,
मग काढलं.
"आणि तू गं?"
"मला काय झालंय."
"दिवसभर काय करतीस?"
मी म्हणाले, शेततळं बघत बसते.
काळा कागद, वर पाणी.
बघत राहिलं की डोकं गप्प होतं.

ताईंचा हात थांबला.
बाहेर कुणीतरी क्रेटवर क्रेट आपटत होतं.
"आक्का, हिला एकटी सोडू नका.
दिष्ट नव्हं ही. बाळंतपणातला आजार हाय,
ताप येतो तसा. औषध असतंय त्याला."
मग माझ्याजवळ सरकून, अगदी हळू,
"धाकट्याच्या वेळी मी चार महिने
खिडकीचे गज मोजले.
सात होते."

सात.
त्या रात्री मी तो आकडा
पांघरुणात घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिरज गाडी.
ताई स्टँडवर आमच्या आधी उभ्या.
कंडक्टरनं विचारलं, कितीजण?
आक्का, ताई, आणि बाळ, मी म्हणाले.
"बाळाला न्हाई लागत. तुमचं?"
मी गप्प.
"ओ, तुमचं काढायचं का न्हाई?"
हो.
माझं एक.

महिलांना अर्धं. मशीनमधून चिठोरं निघालं.
अर्धं तिकीट, आणि खिडकीची अख्खी जागा.
तासगाव येईपर्यंत मुठीत धरलं होतं,
शाई घामानं पुसली.

बरी झाले असं नाही.
मध्येच ही रडली, मी पदराखाली घेतली.
घड्याळाकडे बघितलं नाही,
गाडीत घड्याळ नव्हतं.