कात्री

मुहर्रकमध्ये, हलव्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली.
भिंतीत केशराचा वास मुरलेला,
आणि एसी रात्रभर एकाच स्वरात बोलतो.
मी तपासलाय तो : काळी दोनच्या जरा खाली.
तिथेच, गाद्या उभ्या करून केलेल्या आडोशात
विश्राम तोडणकर गायला.
दिवसा ड्रायडॉकमध्ये जहाजांच्या पोटाचा गंज झाडणारा माणूस.
चौदा वर्षांत स्वतः रचलेलं एकच गाणं,
आणि त्याचं ध्रुपद :
भरती सरली, वाती सरल्या, ये.

तीन टेक झाले.
पहिल्यात गळा चिरला.
दुसऱ्यात शेजारच्यांनी मिरचीची फोडणी दिली
आणि विश्राम शिंकला.
तिसरा सुंदर. तिसऱ्यात फक्त त्या शेवटच्या "ये"वर
विमान उतरलं.
विमानतळ इथून एवढा जवळ
की खिडकीतून चाकं मोजावीत.

"उद्या परत म्हणतो," म्हणाला.
दुसऱ्या दिवशी यार्डात यादी लागली.
नवव्या दिवशी तो त्याच धावपट्टीवरून गेला,
टीव्हीच्या खोक्याला सुतळीचे सात फेरे मारून.

आता तो माझ्या लॅपटॉपवर पसरलाय,
डावीकडून उजवीकडे.
उंचवटे म्हणजे शब्द,
उंचवट्यांच्या आधी बारीक लव, ते श्वास.
आधी सगळं ग्रिडवर बसवून पाहिलं.
एक बटण, आणि प्रत्येक अक्षर रेघेवर उभं राहिलं
शाळेच्या कवायतीसारखं.
लगेच मागे फिरवलं.
हातोडा उचलल्यावर पडायला जेवढा वेळ लागतो
तेवढा उशिरा येतो विश्राम समेवर.
ती चूक नाही. तो त्याचा हात आहे.

मग कात्री घेऊन विमान कापलं.
शब्दही गेला त्याच्याबरोबर.
परत आणलं. बारीक चाळणी लावली,
खालचे स्वर गाळले, वरचे गाळले,
आणि चाळणीत उरला एक घोगरा माणूस
पाण्याच्या टाकीत बोलणारा.

गाण्याला "ये" नव्हता.
पहिल्या ओळीतला "येरझार" कापून पाहिला,
त्याला "र"ची शेपटी. खोडरबराने जाईना.

पहाटे लक्षात आलं,
तिसऱ्या टेकनंतर रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं.
एकेचाळीस मिनिटं नुसती सपाट रेघ.
सपाट भाग काढून टाकायची सोय असते,
माझं बोट त्यावरच होतं.
सतराव्या मिनिटाला दार,
स्लिपरा,
ग्लासात ढवळणारा चमचा,
आणि विश्राम, मला, गच्चीच्या जिन्यातून :
"ये, चहा निवला."

तेवढाच उचलला. चहा मागे ठेवला.
दीड स्वर वर नेला, गाण्याच्या गंधारापर्यंत.
आखूड होता, चार मात्रा ताणायचा होता;
सुरुवातीच्या "य"ला हात लावला नाही,
फक्त मागचा "ए" ओढत गेलो,
पत्रा वाजायला लागेपर्यंत,
मग केसभर मागे.
दोन्ही कडांना क्रॉसफेड,
एक काठ मावळताना दुसरा उगवेल असा.
वर खोलीतला तोच एसी अंथरला.
शिवण दिसेना.

फाइल गुहागरला गेली.
चौथ्या दिवशी त्याचा आवाज आला फोनवर,
मागे कोंबडे, कुणीतरी लाकडं फोडतंय.
"सगळी रडली रे इथं, त्या शेवटच्या ये ला.
बायको विचारते, कुणाला हाक मारत होतास तिकडे?
मला तर एवढं जमलंच नव्हतं."
थोडा थांबला.
"आणि त्याच्या मागे ती घंटी कसली घातलीस? बारीकशी.
झकास लागलीय."

मी फाइल उघडली. खूप मोठं करून पाहिलं.
"ए"च्या उतारावर, खिळ्याएवढी एक रेघ.
चमचा.
खोडरबर हातात होता.

"आहे इथलीच," म्हणालो,
आणि सेव्ह केलं.