परतीची गाडी

लग्नपत्रिकेच्या पाठीवर परशरामनं
चार दिवसांची इटली आखलीय.
मधे बोलोन्या, आणि बोलोन्यातून
कोळ्याच्या पायांसारख्या पेन्सिलीच्या रेघा:
फ्लॉरेन्स चाळीस मिनिटं, व्हेनिस दीड तास,
पार्मा, फेरारा. एक रेघ कुंद्याच्या तुपात विरली,
तिथं कुठलं गाव होतं ते त्यालाही आठवेना.
‘रोज एक करूया,’ म्हणतो, ‘सकाळी जायचं, रात्री यायचं.
रेणूनं तिकिटं काढलीत ती काय खोलीत बसायला?’

सकाळी जायचं, रात्री यायचं.
अठ्ठावीस वर्षं हेच केलं की मी.
सात वीसची बस, हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा,
बाचीपुढं रस्त्याचा पोत बदलायचा,
डुलकी लागलेली असली तरी कंबरेला कळायचं
राज्य बदललं ते.
दगडावरच्या गोल अक्षरांना डोक्यावर रेघ यायची.
शिनोळीत पाढे, भागाकार, खिचडीचा हिशेब,
आणि पाचची घंटा झाली की
एक डोळा फाट्याकडं.
शिनोळी मी बघितली नाही.
बेळगावही तसंच,
डबा भरताना सोडलेलं, दिवे लागल्यावर गाठलेलं.

गेल्या मे महिन्यात ह्याची मावसबहीण आली पुण्याहून.
सकाळी गोकाकचा धबधबा, त्याला पाणी नव्हतं,
दुपारी सौंदत्ती, दुसऱ्या दिवशी आंबोली.
जाताना दोन किलो कुंदा मांडीवर घेऊन
गाडीच्या काचेतून म्हणाली,
बेळगाव छान आहे हं तुमचं.
मी म्हटलं, होय की.
तिला कुठं दिसलं
दुपारी दोनला खडेबाजारात अर्ध्यावर ओढलेलं शटर,
आत कापडाच्या गठ्ठ्यावर झोपलेला म्हातारा,
पायाचा अंगठा तेवढा उन्हात.
यात बघण्यासारखं काही नाही, ठाऊक आहे मला.
त्याला तिकीट नसतं,
म्हणून तर अख्खा दिवस लागतो.

बोलोन्यातही म्हणे दुपारची दुकानं मिटतात
आणि रस्त्यारस्त्याला ओसऱ्या, मैलोन्‌मैल,
पाऊस आला तरी डोकं भिजत नाही.
मला त्यातला एक खांब हवाय.
सोमवारी त्याला टेकून बसेन, मंगळवारी परत,
बुधवारी समोरचा भाजीवाला मान हलवेल.
कानडीत हलवली काय, इटालियनमधे हलवली काय,
मानेचं व्याकरण येतं मला.

हे सगळं मी एका दमात बोलले. चहा निवला.
परशरामनं वाद घातला नाही.
खोडरबर काढलं, व्हेनिस पुसलं.
पार्मा, फेरारा. फ्लॉरेन्सवर हात जरा थांबला.
तीस वर्षं उद्यमबागेत कास्टिंगची ड्रॉइंगं काढली ह्यानं,
घर ते कारखाना, सायकलनं अकरा मिनिटं.
माझ्या लक्षातच आलं नव्हतं,
मी जाऊन जाऊन दमले होते,
आणि हा कुठं गेलाच नव्हता.

‘काय बघूलालीस?’
मी कडेच्या एका रेघेवर बोट ठेवलं.
‘ही कुठली?’
‘राव्हेन्ना. देवळाची छतं काचेच्या तुकड्यांची.
निळे, सोनेरी. नखाएवढे.’

चौथीच्या वर्गात एकदा फुटक्या बांगड्या
खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून मोर केला होता आम्ही.
निळ्या बांगडीनं नागोजीचं बोट कापलं.
पिसारा पुरा होईतो माझी गाडी चुकली.
त्या दिवशी रात्री आठपर्यंत होते शिनोळीत.
तिथं ओढ्याचा आवाज येतो.

‘किती लांब?’
‘एक तास दहा मिनिटं.’
‘राहू दे ती रेघ,’ मी म्हटलं. ‘आणि फ्लॉरेन्सचीही.
पण परतीची गाडी बघायची नाही.’

मग भांडी विसळताना, पाण्याच्या आवाजात,
‘बरं, बघून ठेव.
शेवटची किती वाजता, तेवढंच.’