दगडापुढचा झाडू

टोपीतल्या पिसावर भाळून
बार्ड निवडलास, मारुस्या. असू दे.
मीही तसाच निवडला होता,
एडमंटनमध्ये, लॉर्नच्या तळघरात,
बाहेर उणे चौतीस,
गाड्या विजेची वायर दातांत धरून अंगणात उभ्या,
आणि आत चौघांत एकच माउस.

लॉर्नकडे तलवार. दिवसभर नांगरगाडीने
रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा,
रात्रीही समोर येईल ते ढकलायचंच होतं त्याला.
इवेटकडे आग. बोहदानकडे देव,
म्हणजे बाकीच्यांच्या जखमा.
उरलं ते माझं.

"तू नक्की करतेस काय?" लॉर्न विचारायचा.
चूक नव्हती त्याची. पडद्याच्या तळाशी ओळी सरकायच्या:
लॉर्न बावीस, इवेट चाळीस,
माझा नेम चुकला,
नेम चुकला,
नेम चुकला.

तर ऐक.
दार उघडायच्या आधी गाणं सुरू कर.
नंतरचं गाणं म्हणजे वरातीमागून घोडं.
दुसऱ्या रांगेत राहा, पण खांबाआड नको;
आवाजाला वर्तुळ असतं, फरशीवर फिकट निळं,
लॉर्नचे बूट त्यात आले पाहिजेत.
तो पुढे धावेल. धावणारच.
ओरडू नकोस त्याच्यावर,
तू दोन पावलं सरक.

गाणं थांबवलंस तरी लगेच मरत नाही,
दोन श्वास रेंगाळतं.
तेवढ्यात कांडी फिरव, मंत्राची गुंडाळी वाच,
आणि सूर परत धर.
मधे तू गप्प होतीस
हे कुणाच्या लक्षात येता कामा नये.

वेशीवरच्या पहारेकऱ्याशी बोलायचं तू.
बोलक्याचे कुळीथ खपतात;
लॉर्नने तोंड उघडलं की
गहू राहतात पोत्यात आणि भाले येतात बाहेर.
गंजक्या अंगठीवर कुणाचा शाप आहे
हेही तुलाच ठाऊक असतं,
अर्धवट, पण बोटात घालण्याआधी पुरतं.

मला हे खेळात नाही कळलं.
शनिवारी पेट्रोमामा कर्लिंगला न्यायचा.
वीस किलोचा दगड कुणीतरी अलगद सोडतं,
आणि त्याच्यापुढे वाकून दोघं
झाडू घासत पळतात, जीव खाऊन.
दगडाला शिवायचं नाही. शिवलं की तो बाद.
फक्त त्याच्या वाटेतल्या बर्फाचा हट्ट
जरासा कमी करायचा.
दगड हातभर जास्त जातो.
टाळ्या सोडणाऱ्याला.
मामाच्या कोपराला अजून रात्री लेप लागतो.

मग ती ड्रॅगनची रात्र.
त्याच्या डाव्या बाजूचा जादूगार हुशार निघाला,
सगळ्यांना सोडून त्याने मला टिपलं.
मी आडवी. गाणं दोन श्वास टिकलं, मग तेही नाही.
लॉर्नच्या बावीसचे सतरा झाले, मग चौदा.
बोहदानचा पुजारी घाबरून
कोपऱ्यात भिंतीवर धडका देत राहिला.
इवेटची आग ड्रॅगनला उबेसारखी लागली असावी.
तळघरात फक्त बॉयलरची घरघर.

कुणी काही बोललं नाही.
लॉर्नने जुना साठवलेला खेळ उघडला,
आपला योद्धा चालवत मागे आणला,
माझ्या पुढ्यात, ढालीसकट, उभा केला
आणि माउस माझ्याकडे सरकवला.
"वाजव," म्हणाला.

पहाटे जिंकलो. शेवटी हिशोबाचं पान येतं:
लॉर्नचे बळी चारशे बारा.
माझे तीन.
माझा सर्वात बलाढ्य शत्रू, असं तिथे छापलं होतं,
एक उंदीर.

इवेट हसता हसता खुर्चीवरून घसरली.
ते पान मी छापून घेतलं होतं,
तुझ्या आईच्या कपाटात असेल कुठेतरी.

पीस राहू दे टोपीत. शोभतंय.
फक्त दार उघडू नकोस अजून,
आधी सूर लाव.